सेन्सर काढल्यावर गाडी स्मूथ झाली, मग परत कशाला लावायचा?

पत्र थोडक्यात असं आहे. साताऱ्याचे एक वाचक आहेत, त्यांची २०१७ची पेट्रोल हॅचबॅक, बाराशे सीसी, १,१२,००० किलोमीटर झालेली. आठवड्यातून एकदा पुण्याला जाऊन येतात, बाकी गावातल्या गावात फिरणं. पावसाळ्यात गाडी सिग्नलला उभी असताना आरपीएम वर-खाली व्हायला लागला, दुसऱ्या गिअरमध्ये झटके बसायला लागले आणि मीटरमधली पिवळी चेक इंजिन लाईट लागली. दहा वर्षांच्या ओळखीचे मेस्त्री आहेत, त्यांनी सायलेन्सरच्या लाइनवरचे दोन्ही ऑक्सिजन सेन्सर डिस्कनेक्ट केले आणि गाडी लगेच स्मूथ झाली. "हे फक्त पोल्युशनसाठी असतात, बिनधास्त चालवा" असं सांगितलं, आणि लाईट डोळ्यात येते म्हणून मीटरच्या काचेवर काळ्या टेपचा तुकडा लावून दिला. याला चार महिने झाले. अ‍ॅव्हरेज सोळावरून साडेबारावर आलंय, पेट्रोलचा वास येतो, मागे बसणाऱ्या सात वर्षांच्या मुलीला हल्ली मळमळतं. सर्व्हिस सेंटरमध्ये विचारलं तर दोन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या लाइनमधला धूर साफ करणारा डबा) मिळून असा आकडा सांगितला की ते तसेच घरी परत आले. पुढच्या महिन्यात पीयूसी संपतेय आणि मार्चमध्ये गाडी मेहुण्याला द्यायचं ठरलंय. त्यांचा प्रश्न असा की गाडी चालतेय की नीट, मग एवढा खर्च करायचा का, आणि करायचाच तर मेस्त्रीकाकांना न दुखवता कसा करायचा.

दादा, तुमच्या पत्रात मुलीच्या मळमळीचं एकच ओझरतं वाक्य आहे, अ‍ॅव्हरेजवर मात्र अख्खा परिच्छेद आहे. मी मुलीपासूनच सुरू करते.

लहान मुलांना गाडी लागते, खंबाटकीच्या वळणांवर तर मोठ्यांनाही लागते, त्यामुळे हे तेवढंच असेल अशी शक्यता भरपूर आहे. पण तुम्ही म्हणता "हल्ली", म्हणजे आधी असं नव्हतं, आणि वासही त्याच काळात सुरू झाला. ऑक्सिजन सेन्सर नसलेलं इंजिन बहुतेक वेळा गरजेपेक्षा जास्त पेट्रोल ओढतं आणि जास्त पेट्रोल म्हणजे धुरात कार्बन मोनॉक्साइड जास्त. हा वायू सायलेन्सरच्या टोकातून मागे निघून जात असेल तर गाडीतल्या माणसांना लगेच काही होत नाही, पण मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर काढणाऱ्या पहिल्या पाइपाचं, गॅस्केट उडालं असेल, पाइपला चीर गेली असेल किंवा डिकीचं रबर फाटलं असेल तर तो आत येतो. त्याला स्वतःचा वास नसतो. वास येतो तो न जळलेल्या पेट्रोलचा, पण दोघं निघतात एकाच पाइपातून. आणि रक्तातलं हिमोग्लोबिन या वायूला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरून ठेवतं, लहान मुलावर परिणाम लवकर होतो.

ओळखायचं कसं, तर वळणांवर मळमळ आणि सरळ रस्त्यावर बरं वाटतं असं असेल तर ती गाडी लागणं. पण सरळ हायवेला, किंवा गाडी नुसती चालू ठेवून उभी असतानाही तिला मळमळत असेल, डोकं दुखत असेल, तुम्हालाही जड वाटत असेल आणि खाली उतरून मोकळ्या हवेत हळूहळू बरं वाटत असेल, तर संशय धुरावरच घ्या. असं प्रत्यक्ष घडलं तर गाडी बाजूला घेऊन बंद करा, सगळे खाली उतरा, आणि मूल सुस्त वाटलं किंवा उलट्या व्हायला लागल्या तर थेट हॉस्पिटल, तिथे कार्बन मोनॉक्साइडचा संशय आहे असं स्पष्ट सांगा. गाडी दुरुस्त होईपर्यंत मुलीला या गाडीत बसवू नका, पुण्याला जायचं तर एसटीने जा. बंद पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवायची नाही, एसी लावून गाडीत झोपायचं नाही. आणि तो वास नक्की कुठून येतोय तेही बघा. बॉनेट उघडल्यावर किंवा गाडीखाली कच्च्या पेट्रोलचा वास येत असेल, कुठे ओल दिसत असेल, तर तो सेन्सरचा विषयच नाही, ती पेट्रोलची गळती आहे आणि मग गाडी चालवत गॅरेजलाही न्यायची नाही, मेस्त्रीला घरी बोलवायचं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते.

मेस्त्रीकाका म्हणाले की हे सेन्सर फक्त पोल्युशनसाठी असतात. असं म्हणणारे ते एकटे नाहीत, माझ्या बाबांचं गॅरेज होतं आणि तिथे येणारे निम्मे लोक हेच म्हणायचे. त्यात थोडं खरं आहे, कारण हा सेन्सर गाडीत आला तोच अमेरिकेतल्या, विशेषतः कॅलिफोर्नियाच्या कडक धुराच्या नियमांमुळे. बॉशने बनवलेला लॅम्ब्डा सेन्सर, म्हणजे हाच ऑक्सिजन सेन्सर, १९७६ मध्ये वोल्वोच्या गाड्यांत पहिल्यांदा बसला. पण तो काम काय करतो ते बघा. पेट्रोल नीट जळायला एका भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा लागते. सेन्सर धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते बघतो आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, सांगतो, उरला असेल तर पेट्रोल कमी पडलं, अजिबात नसेल तर जास्त झालं. ईसीयू लगेच इंजेक्टर उघडा राहण्याची वेळ कमी-जास्त करतो, पुन्हा बघतो, पुन्हा बदलतो, आणि हे गाडी चालू असेपर्यंत सतत चाललेलं असतं. घरी आमटी करताना मीठ अंदाजाने घातलं तरी आपण चव घेऊन बघतोच ना, तसं. सेन्सर काढला की ईसीयू चव न घेता पुस्तकातल्या मापाने मीठ घालत बसतो. ते माप कारखान्यात नव्या इंजिनासाठी ठरवलेलं असतं, तुमचं इंजिन आठ वर्षांचं, इंजेक्टर थोडे घाणेरडे, फिल्टर जुना, कुठे एखादा होस सैल.

आणि त्यात पेट्रोलच बदललंय. तुमची गाडी घेतली तेव्हाचं पेट्रोल वेगळं होतं, आता पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो त्यामुळे ई-२० ला हवा कमी लागते, १४.७ च्या जागी साडेतेराच्या आसपास. सेन्सर जोडलेला असता तर ईसीयूने हे ओळखून पेट्रोल थोडं वाढवून हिशोब जुळवून घेतला असता, २०१७च्या गाड्या या बदलाला जेवढं सांभाळून घेतात ते बऱ्याच अंशी याच सेन्सरच्या जोरावर. आता तुमच्या गाडीला हे कळायचा रस्ताच बंद आहे. म्हणजे कधी मिश्रण गरजेपेक्षा घट्ट (पेट्रोल जास्त), कधी पातळ (पेट्रोल कमी), आणि कुठल्या वेळी काय हे सांगणारं कोणीच नाही.

दोन सेन्सरमधला फरकही समजून घ्या कारण खर्च त्यावर ठरणार आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी, इंजिनाजवळ जो असतो तो पेट्रोल ठरवतो. नंतरचा मुख्यतः कन्व्हर्टर काम करतोय का ते बघतो, काही गाड्यांत तो थोडी बारीक दुरुस्ती करतो पण नुसता मागचा काढला तर चालवताना फारसा फरक कळत नाही. म्हणजे तुमची गाडी स्मूथ झाली ती पुढचा काढल्यामुळे. मागचा कशासाठी काढला हे काकांना विचारायला हवं, बहुतेक दोन्ही काढून बघू म्हणून काढला आणि तसाच राहिला.

आता तुमचं सगळ्यात भक्कम वाटणारं म्हणणं, की काढल्यावर गाडी स्मूथ झाली म्हणजे सेन्सरच खराब होता. मला इथे जरा थांबून बोलायचंय कारण याच एका समजुतीपायी लोक नको ते पार्ट बदलतात आणि मूळ बिघाड तसाच राहतो. स्मूथ झाली ही खरी माहिती आहे आणि उपयोगाची आहे, पण तिचे अर्थ तीन निघतात. पहिला, सेन्सर खरंच गेलाय आणि चुकीचा सिग्नल देत होता, तो ऐकून ईसीयू पेट्रोल वर-खाली करत होता म्हणून आरपीएम नाचत होता. १,१२,००० किलोमीटरला हे अगदी शक्य आहे, हे सेन्सर साधारण लाख-दीड लाख किलोमीटर चालतात. दुसरा, सेन्सर चांगला आहे पण त्याच्या आधी सायलेन्सरच्या लाइनला लीक आहे. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, तो म्हणतो पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीयू बिचारा पेट्रोल वाढवत सुटतो. मुलीच्या मळमळीमुळे मला याच शक्यतेची जास्त काळजी वाटते, कारण लीक असेल तर दोन्ही गोष्टी एकाच जागेहून येतायत. तिसरा, सेन्सर खरं सांगत होता. इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेकचा एखादा व्हॅक्युम होस पावसाळ्यात फुटला, किंवा एखादा प्लग नाहीतर कॉइल मिसिंग मारतेय (मधूनच ठिणगी चुकतेय), किंवा पेट्रोल पंपाचं प्रेशर कमी झालंय, आणि सेन्सर काढल्यावर ईसीयू पुस्तकातल्या जरा घट्ट मापावर गेला त्यामुळे तो दोष झाकला गेला.

आणि एक चौथी गोष्ट, वायरिंग. पावसाळ्यात सुरू झालं म्हणता म्हणून सांगते, वायर जोडायच्या कपलरमध्ये पाणी जाऊन पिना हिरव्या पडणं, उंदराने वायर कुरतडणं, हेही बऱ्याचदा होतं. माझ्याच जुन्या गाडीत एका गॅरेजने नवा सेन्सर टाकला, चार दिवसांत लाईट परत आली, पुन्हा नेली तर पुन्हा सेन्सरच सांगितला, शेवटी बाबांनी लाइट मारून हार्नेस (वायरींचा जुडगा) शेवटपर्यंत हाताने चाचपला तेव्हा बॅटरीच्या ट्रेखाली कुरतडलेली वायर सापडली. बाहेरून इन्सुलेशन जवळपास शाबूत होतं, आतली तार तुटलेली. तेव्हापासून कोणी सेन्सर बदला म्हटलं की मी आधी वायर बघा म्हणते.

मेस्त्रीकाकांची बाजूही मला मांडायचीय. सेन्सरशिवाय गाडी चालूच शकत नाही असं नाही. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर पहिला काही वेळ प्रत्येक गाडी सेन्सरकडे न बघताच चालते कारण सेन्सरला काम करायला ३०० अंशांच्या वर तापावं लागतं, त्यासाठी त्यात हीटर असतो. घाटात पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी ईसीयू सेन्सरला बाजूला ठेवून जास्त पेट्रोल देतो. कंपनीने गाडी अशी बनवलेली असते की सेन्सर गेला तरी तुम्ही रस्त्यात अडकू नये. त्यामुळे तपासताना कपलर काढून बघणं ही चुकीची पद्धत नाही, जुने चांगले मेस्त्री करतातच. चुकलं ते पुढे, तपासणी तिथेच थांबली आणि चार महिने तेच उत्तर समजून गाडी चालली. चार दिवस चालवली असती तर मी काही म्हटलं नसतं.

चार महिन्यांचं काय झालं असेल ते सांगते. पैशांचा हिशोब सोपा आहे. तुमचं फिरणं महिन्याला बाराशे किलोमीटर धरलं तर सोळाच्या अ‍ॅव्हरेजने ७५ लिटर, साडेबाराने ९६ लिटर, म्हणजे २१ लिटर जास्त, लिटरला १०४ रुपये धरले तर महिन्याला २,१८४ आणि चार महिन्यांत ८,७०० च्या वर. आफ्टरमार्केटमध्ये, म्हणजे बाहेरच्या पार्टच्या दुकानात, चांगल्या कंपनीचा एक सेन्सर बऱ्याच गाड्यांना यापेक्षा कमी पैशात येतो. म्हणजे खर्च वाचवायला म्हणून थांबलात तो पंपावर देऊन झालाय. इंजिनाच्या आत जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑईल धुऊन काढतं आणि खाली ऑईलमध्ये मिसळतं, ऑईल पातळ होतं. उद्या सकाळी थंड गाडीची डिपस्टिक (ऑईलची लेव्हल बघायची पट्टी) काढून वास घ्या, पेट्रोलचा वास आला किंवा लेव्हल भरली होती त्यापेक्षा वर दिसली तर समजा. प्लग काढले तर बहुतेक काजळीने काळे असतील.

पण सगळ्यात महाग गोष्ट कन्व्हर्टर. त्यात मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा थर असतो म्हणून त्याची किंमत तेवढी. मिश्रण योग्य मापाच्या अगदी जवळ असेल तेव्हाच तो कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड हे तिन्ही एकदम साफ करू शकतो, थोडंही हललं की काम बिघडतं. न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन जळायला लागलं, विशेषतः एखादा सिलिंडर मिसिंग मारत असेल तर, जाळी इतकी तापते की वितळते, मग धूर अडतो, गाडी चढाला ओढत नाही, स्पीड पकडत नाही. नुसत्या घट्ट मिश्रणाने चार महिन्यांत तो मेलाच असेल असं मी म्हणणार नाही, बऱ्याचदा वाचतो. म्हणूनच सर्व्हिस सेंटरच्या त्या कोटेशनवर मला शंका आहे. दोन्ही सेन्सर काढलेले असताना कन्व्हर्टर चांगला की वाईट हे कोणत्या आधारावर ठरवलं? त्याची परीक्षा मागच्या सेन्सरच्या सिग्नलवरूनच होते. आधी गाडी नीट मिश्रणावर आणा, दोन-तीनशे किलोमीटर चालवा, आणि मग जर स्कॅनरवर पी ०४२० हा कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड आला तर त्याचा विचार करू, तोही लगेच बदलायचा नाही, आधी लीक बघायचा.

मग करायचं काय. पहिलं काम आज घरीच, टेपचा तो तुकडा काढा. ती एकच लाईट इंजिनाच्या शेकडो बिघाडांसाठी असते. स्थिर लागली असेल तर लवकर दाखवा असा अर्थ, लुकलुकायला लागली तर इंजिन मिसिंग मारतंय आणि कन्व्हर्टर जळायच्या वाटेवर आहे, तेव्हा वेग कमी करून जवळच्या गॅरेजपर्यंतच जायचं. टेप असताना तुम्हाला हे कळणारच नाही. आणि गाडी थंड असताना खाली वाकून बघा, काढलेले कपलर नुसते लोंबकळत नाहीत ना. मॅनिफोल्डला टेकले तर वितळतात, हीटरच्या वायरला थेट करंट असतो, तिथे शॉर्ट झालं तर फ्यूज उडेल आणि त्याच फ्यूजवर अजून काही असेल तर गाडी रस्त्यात बंद पडेल. सध्या केबल टायने दूर बांधून ठेवा.

दुसरं, दोन्ही सेन्सर परत जोडायचे आणि स्कॅनर लावायचा, या क्रमाने. कोड आधी वाचून फोटो काढून ठेवायचा, मगच उडवायचा. बरेच जण स्कॅनर लावला की पहिलं क्लिअर दाबतात आणि हाताशी असलेला पुरावा जातो. ब्लूटूथवाला छोटा स्कॅनर ऑनलाइन स्वस्तात मिळतो, मोबाईलवर अ‍ॅप टाकलं की काम होतं, तुम्ही स्वतःच घ्या, तुमच्यासारख्या आठ-दहा वर्षांच्या गाडीवाल्या प्रत्येकाने घ्यावा असं माझं मत आहे. पी ०१३० ते ०१३४ आले तर पुढच्या सेन्सरचं सर्किट, ०१३५ म्हणजे त्याचा हीटर, ०१३६ ते ०१४१ मागचा. पी ०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, ०१७२ म्हणजे घट्ट. पण सेन्सर चार महिने काढलेले होते म्हणून त्यांचे सर्किटचे कोड असणारच, ते एकदा उडवून गाडी चालवून परत काय येतं ते महत्त्वाचं.

तिसरं, लाइव्ह डेटा. इंजिन नीट गरम करून अडीच हजार आरपीएमवर धरा. तुमच्या काळातल्या बहुतेक छोट्या गाड्यांना साधा चार वायरींचा सेन्सर असतो, त्याचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये भराभर खाली-वर नाचायला हवं, मागच्याचं ०.६-०.७ च्या आसपास बऱ्यापैकी शांत राहायला हवं. पुढचा एकाच आकड्यावर चिकटून बसला किंवा आळशासारखा हळूहळू हलतोय तर तो गेला, अर्थात वायर तपासून मगच. पाच-सहा वायरींचा असेल तर त्याचे आकडे वेगळे असतात, हे लावू नका. आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम नावाचा आकडा बघा, ईसीयू पुस्तकातल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल कायमचं कमी-जास्त करतोय ते त्यात दिसतं. अधिक-उणे दहाच्या आत असेल तर ठीक. अधिक वीस वगैरे दिसलं तर हवा कुठून तरी घुसतेय किंवा पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे होस, गॅस्केट, पंपाचं प्रेशर, आणि तो सायलेन्सरचा लीक. आयडलिंगला खूप जास्त आणि रेस केल्यावर कमी होत असेल तर व्हॅक्युम लीककडे बोट जातं. उणे वीस दिसलं तर इंजेक्टर टपकतोय का बघायचं. हा एक आकडा पाहिल्याशिवाय कोणताही पार्ट विकत घेऊ नका.

सेन्सरच बदलायचा ठरला तर आधी फक्त पुढचा. मागचा चांगला असेल तर त्याला हात लावायचं कारण नाही. पार्ट नंबर जुळवून थेट बसणारा घ्या, वायर कापून जोडायचा युनिव्हर्सल शक्यतो नको, आणि बॉश, डेन्सो, एनटीके यांच्या नावाची नक्कल बाजारात असते तेव्हा बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या. काढताना इंजिन कोमट असावं, एकदम थंड असेल तर आट्या पकडून ठेवतात. टोकाला ग्रीस, स्प्रे, हाताचं ऑईल काही लागू द्यायचं नाही. आणि सायलेन्सरच्या किंवा इंजिनाच्या जॉइंटला साधा सिलिकॉन सीलंट लावू देऊ नका, त्याच्या वाफेनेच सेन्सर मरतो, नवा टाकून महिन्याभरात गेला अशा तक्रारींमागे कधीकधी हेच असतं. जुना सेन्सर पेट्रोलमध्ये धुऊन परत बसवणं वगैरे प्रकारात वेळ घालवू नका. काम झालं की ऑईल आणि ऑईल फिल्टर बदलाच, तारीख झाली नसली तरी.

आता काका. तुम्हाला वाटतंय की सर्व्हिस सेंटरला गेलो तर ते दुखावतील. मला वाटतं ते दुखावतील ते तुम्ही न सांगता दुसरीकडे गेलात आणि नंतर कळलं तर. त्यांच्याकडेच जा आणि सरळ म्हणा, "काका, तुम्ही काढल्यावर गाडी सुधारली म्हणजे बिघाड त्याच बाजूला आहे हे तुम्ही शोधलंत, पण मुलीला त्रास होतोय आणि पीयूसी आलीय, तर आता मुळाशी जाऊया." मग स्कॅनर पुढे करा. त्यांच्याकडे चांगला स्कॅनर नसेल तर त्यात त्यांचा कमीपणा काही नाही, मल्टी-ब्रँड गॅरेजमध्ये तपासणीचे थोडे पैसे भरून रिपोर्ट आणा आणि फिटिंग काकांकडूनच करून घ्या. ते म्हणाले की गरज नाही, तर एवढंच विचारा की सायलेन्सरचा लीक तपासलात का, आणि मागचा सेन्सर कशासाठी काढला. यावर ते गाडीखाली गेले तर तुमचे काका अजून तुमचेच आहेत. चिडले, टोलवाटोलवी केली, तर मग तुम्हाला मुलीसाठी दुसरं गॅरेज बघावं लागेल आणि त्यात अपराधी वाटून घेऊ नका.

पीयूसी दुरुस्तीनंतरच काढा. तुमच्या बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे, आत्ताच्या अवस्थेत गाडी त्यात बसेल असं वाटत नाही. गाडी न नेता सर्टिफिकेट करून देतो म्हणणारे भेटतात, त्या वाटेला जाऊ नका. धुराचे नियम मोडल्याबद्दल मोटार वाहन कायद्यात दहा हजारांपर्यंत दंड आहे, पण मला दंडापेक्षा असं वाटतं की धुराचे खरे आकडे तुम्हाला कळायची ही संधी आहे, प्रिंट जपून ठेवा. कोड उडवल्यावर लगेच जाऊ नका, शंभरेक किलोमीटर गावात आणि हायवेला मिळून चालवा, ईसीयूला नव्याने शिकू द्या, आणि गरम इंजिननेच टेस्ट करा.

मेहुण्याचं तुम्ही विचारलं नाहीत, नुसतं लिहिलंत. त्यांना सांगा. दुरुस्ती करून दिलीत तर बिलं आणि आधीची गोष्ट दोन्ही सांगा, न करता देणार असाल तर तेवढी किंमत कमी करून आणि व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना लिहून द्या. त्यांच्याही घरात मुलं मागच्या सीटवर बसणार आहेत, आणि तुमच्या बायकोला भावाच्या घरी गेल्यावर या गाडीचा विषय निघाला तर मान खाली घालावी लागू नये.

अशीच पत्रं इतरांचीही येतात म्हणून दोन गोष्टी पटकन. बाहेरून सीएनजी किट बसवलेल्यांनी फिटरला विचारा की सेन्सरचा सिग्नल किटला नीट जोडलाय की मध्ये एम्युलेटर घालून ईसीयूला खोटा सिग्नल देतोय. सीएनजीला हवेचं माप १७ च्या पुढे असतं, पेट्रोलचं वेगळं, किट नीट ट्यून नसेल तर गाडी पेट्रोलवर टाकल्यावर झटके मारते आणि दोष पेट्रोलवर येतो. आणि बीएस-६ बाईकवाल्या मुलांनो, २०२० नंतरच्या तुमच्या गाड्यांनाही हा सेन्सर आहे, मोकळा सायलेन्सर लावताना तो काढून त्या जागी रेझिस्टर लावून देतात, त्याने पॉवर वाढत नाही, पेट्रोल जळतं आणि प्लग काळे होतात.

दादा, स्कॅनर लावलात की कोड, लाँग टर्म ट्रिमचा आयडलिंगचा आणि अडीच हजारावरचा असे दोन्ही आकडे आणि डिपस्टिकचं काय दिसलं ते मला लिहा, त्यावरून पुढचं नेमकं सांगता येईल. मुलगी कशी आहे तेही लिहा.